आसरांचा दिवा

दिवा पुन्हा विझला आणि माझं डोकं फिरलं.

दोरीला बांधलेली दुरडी यल्लाप्पा हळूहळू वर ओढत होता. दुरडीत एक पणती, चिमूटभर हळदकुंकू, दोन हिरव्या बांगड्या आणि खणाचा तुकडा. ती काठावर आली तेव्हा वातीला धूरसुद्धा उरला नव्हता. यल्लाप्पाने वात बोटाने चाचपली, विहिरीला हात जोडले आणि पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं.

"आज न्हाई, बाई," तो म्हणाला. "आसरा न्हाई म्हंत्यात."

आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्या भागातल्या प्रत्येक विहिरीत त्या होत्या. जिच्यात पाणी नव्हतं तिच्यातही होत्या. बंद पडलेल्या विहिरीत उतरायचं तर आधी त्यांना विचारायचं, आणि विचारायचं ते असं: पेटता दिवा खाली सोडायचा. तळापर्यंत तेवत राहिला तर होकार, मध्येच विझला तर नकार. ही वडारांची बापजाद्यांपासूनची रीत. यल्लाप्पा धोत्रे पन्नाशी ओलांडलेला, आयुष्य विहिरी खणण्यात आणि उपसण्यात गेलेला माणूस. पण दिव्याशिवाय त्याने एकाही विहिरीत पाय घातला नव्हता, आणि हे तो मोठ्या अभिमानाने सांगे.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. जत तालुक्यातल्या त्या गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. रसायनशास्त्राची पदवी, सुट्टीत गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणं, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गावात माझ्या आधी माझा राग पोचतो, असं आमचे मुख्याध्यापक मगदूम सर म्हणत. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल करते.

रागाला कारणही होतं. सत्त्याऐंशी सालचा मार्च, लागोपाठचं तिसरं दुष्काळी वर्ष. टँकर अकराला येई आणि शाळाही अकराला भरे. टँकरचा हॉर्न वाजला की वर्गातल्या मुली एकेक करून उठत आणि घागरीकडे पळत. मुलगे आपापल्या बाकावर निवांत. पाणी भरणं हे काही पुरुषाच्या जातीचं काम नव्हे. दिवाळीपासून नऊ मुली शाळेतून गेल्या होत्या. नववीतली अक्काताई बंडगर, अख्ख्या शाळेत माझ्या विषयात पहिली येणारी पोर, तिच्या बापाने मला तोंडावर सांगितलं होतं की पाडव्यापर्यंत शाळेत पाण्याची सोय झाली नाही तर तिचं नाव काढणार. पाडवा बारा दिवसांवर आला होता.

आणि शाळेच्या मागेच विहीर होती. चांगली पंचेचाळीस फूट खोल, आतून दगडात बांधलेली, उतरायला भिंतीत दगडी पायटे. आठ वर्षांपूर्वी तिच्यात शेळी पडून मेली, तेव्हापासून तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून ती झाकून टाकलेली. फांद्या कुजून आत पडत, वर नव्या पडत. तळाला गाळ साचलेला, पण गाळाखाली झरा होता हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. ती उपसायची परवानगी मिळवायला मी तीन महिने ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत भांडले होते. ज्यांच्याशी भांडले त्यांच्यापैकी एकाच्याही घरातली बाई टँकरच्या रांगेत उभी राहत नव्हती.

अखेर परवानगी आली आणि वडार कामावर आले. सोमवारी विहीर नुसती बघितली. मंगळवारी काम सुरू करायचं नसतं म्हणून बसून राहिले. बुधवारी वरच्या फांद्या काढल्या, दिवा सोडला, विझला. तेव्हा यल्लाप्पा म्हणाला की रातभर तोंड उघडं राहू दे, उद्या बघू. आज गुरुवार, आणि दिवा पुन्हा विझला होता.

"मग आता?" मी विचारलं.

यल्लाप्पाने शांतपणे सांगितलं की तो ओढ्याकडून कडुलिंबाचे डहाळे तोडून आणतो. त्यांचा भारा दोरीला बांधून विहिरीत दुपारपर्यंत वरखाली करायचा, म्हणजे आसरांना वारा घातल्यासारखं होतं आणि त्यांचा राग उतरतो. मग पुन्हा दिवा. तेवला तर ठीक, नाहीतर उद्या. एवढं सांगून तो कोयता घेऊन निघाला. जाताना धाकट्या भावाला वडारी बोलीत काहीतरी बजावून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इकडे पोरी टँकरमागे घागरी घेऊन पळतायत आणि हा माणूस पाण्यातल्या देवींना पंख्याने वारा घालणार. त्यातून मी नववीच्या मुलींना मुद्दाम विहिरीवर आणलं होतं. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, आपल्यासाठी विहीर उघडते आहे. आता त्या ओळीने उभ्या राहून विझलेला दिवा बघत होत्या, आणि दोघीतिघींनी विहिरीला हातही जोडले होते.

तेच मला सहन झालं नाही. मी काठावरच्या दगडावर चढले आणि तिथेच तास घेतला.

"हवेत काय काय असतं? सांगा."

मुलींनी सुरात सांगितलं. नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर टक्के. ऑक्सिजन एकवीस टक्के. उरलेल्या एकात आर्गॉन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि इतर वायू.

"आणि आसरा किती टक्के?"

हशा पिकला. हात जोडणाऱ्या मुलीही हसल्या. मला हुरूप आला. पुढे मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण जे आठवतं ते पुरेसं आहे. अडाणीपणा हा खरा दुष्काळ आहे, असं काहीतरी म्हणाले. ज्यांना दिवा विझला की देवी दिसते ते लोक तुमचं पाणी अडवून बसलेत, असंही म्हणाले. अक्काताईने हात वर केला होता. मला वाटलं, ही आता विचारणार, खरंच आसरा नसतात का. मी म्हटलं, "हात खाली कर. प्रश्न नंतर." तिने केला.

हे सगळं यल्लाप्पाचा धाकटा भाऊ दुर्गाप्पा ऐकत होता. तो तिशीचा, रुंद छातीचा, हसऱ्या तोंडाचा गडी. वडारांची पालं वर्षभर गावाबाहेर पडलेली होती, आणि शाळेत संध्याकाळी मी जो प्रौढांचा वर्ग चालवी त्यात त्या पालांवरून येणारा तो एकटाच. नाव लिहायला शिकला, मग एसटीच्या पाट्या वाचायला लागला, मग मी आणलेलं जुनं वर्तमानपत्र मागून न्यायला लागला. वाचलेलं घरी जाऊन बायकोला सांगे. त्या वर्गात मी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणे, त्याचं त्याला फार अप्रूप होतं.

मी त्याच्याकडे वळले.

"दुर्गाप्पा, तुम्ही तरी शिकलात ना? तुम्हीसुद्धा डहाळ्यांची वाट बघणार?"

तो ओशाळं हसला. भाऊ थांब म्हणालाय, असं म्हणाला. मी म्हटलं, भावाचं ऐकायचं की स्वतःच्या डोक्याचं, हे प्रत्येकाने ठरवायचं असतं. ह्या मुली बघतायत.

वाक्य माझंच आहे, शब्दन् शब्द. ह्या मुली बघतायत.

दुर्गाप्पाने मुलींकडे पाहिलं. पटका काढून काठावर ठेवला, धोतर खोचलं आणि पायट्यावर पाय टाकला. कमरेला दोरी बांधायला तो थांबला नाही, कारण दोरी बांधणं म्हणजेही भ्यायल्यासारखं दिसलं असतं. मीही थांबवलं नाही. त्याने मान वर करून हसून सांगितलं, "बाई, आसरा भेटल्या तर तुमचा निरोप दितो." मुली खिदळल्या. मी टाळी वाजवली.

तो भराभर उतरला. अर्ध्यावर गेल्यावर वास येतोय म्हणाला. आणखी दहा फुटांवर काहीतरी बोलला, ते कळलं नाही. मग तो एका पायट्यावर बसला, थकलेला माणूस बांधावर बसतो तसा. मी हाक मारली. त्याने मान वर केली नाही. त्याचा हात दगडावरून सुटला आणि तो खाली गाळात गेला. आवाजसुद्धा फारसा आला नाही.

मुली किंचाळल्या. मी शिपाई बाबूलालला ओरडून हाक मारली, तो धावत आला आणि सदरा काढून उतरायलाच लागला होता, तेवढ्यात यल्लाप्पा ओढ्याकडून आला. डोक्यावर डहाळ्यांचा भारा. काठावरचा पटका त्याला दुरूनच दिसला असावा. भारा तिथेच टाकून तो पळत आला, बाबूलालला बखोटीला धरून मागे फेकला आणि म्हणाला, "कुनी उतरायचं न्हाई."

आणि तो डहाळे दोरीला बांधू लागला.

मला ते खरंच वाटेना. भाऊ खाली पडलाय आणि हा डहाळे बांधतोय. मी त्याच्या अंगावर धावून गेले. काय वाटेल ते बोलले. भित्रा म्हणाले, जनावर म्हणाले. "तुझा भाऊ आहे तो! उतर आधी! तुझ्या त्या आसरा गेल्या खड्ड्यात!" सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणारी मी. त्याच्या गाठी मात्र पक्क्या बसत होत्या. भारा विहिरीत सोडून त्याने तो जोराने खालीवर करायला सुरुवात केली.

मी त्याच्या हातातली दोरी हिसकायला गेले, तेव्हा मागून अक्काताई बोलली. मोठ्याने नाही, वर्गात उत्तर देते तशी.

"बाई, त्ये बरनीतलं हाय. आपल्या प्रयोगाचं."

तीन आठवड्यांपूर्वीचा प्रयोग. ह्याच विहिरीकडेच्या मातीतून मुलींकडून चुनखडीचे खडे वेचून आणवले होते. काचेच्या बरणीत खडे घालून वरून आम्ल ओतलं, खडे फसफसले, वायू निघाला. बरणी रिकामीच दिसत होती. ती मी पेटत्या मेणबत्तीवर पाण्यासारखी तिरकी केली आणि मेणबत्ती विझली. मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग मी फळ्यावर लिहिलं आणि त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं: कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साठून राहतो, दिसत नाही, ज्वलनाला मदत करत नाही. पालापाचोळा कुजला की ऑक्सिजन खर्च होतो आणि हा वायू तयार होतो. जिथे दिवा जगत नाही तिथे माणूस जगत नाही. हे शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं. मुलींच्या लक्षात राहावं म्हणून मी पदरचं घातलं होतं.

विहिरीत आठ वर्षं बाभळीच्या फांद्या कुजत पडल्या होत्या. दिवा दोनदा खाली गेला होता आणि दोनदा विझून वर आला होता. तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, आणि मला फक्त हळदकुंकू दिसलं होतं.

मी दोरी हिसकायची सोडली आणि यल्लाप्पाच्या बरोबरीने ओढायला लागले. त्याने मला ढकललं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. खालीवर, खालीवर. कोंदट, सडका वास वर येत होता. बाबूलालने बादल्या मागवल्या आणि यल्लाप्पा सांगेल तसं वरून पाणी शिंपडलं. पोरींनी सकाळी डोक्यावरून आणलेलं पिण्याचं पाणी होतं ते. वीस मिनिटं गेली असतील. मग यल्लाप्पाने दिवा लावला, तीच दुरडी, तेच हळदकुंकू, आणि खाली सोडला. तो तळापर्यंत तेवत गेला. त्यानंतरच त्याने कमरेला दोरी बांधली आणि उतरला.

दुर्गाप्पाला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. मगदूम सरांनी सांगितलं की मजूर कुणालाही न विचारता आपल्या मर्जीने उतरला. हवालदाराने तसं लिहिलं. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. यल्लाप्पाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दिवा इझला हुता. तरी गेला." त्याने माझं नाव घेतलं नाही.

गावाला तर काही विचारायची गरजच नव्हती. आसरांनी नेला. बाईने त्यांची चेष्टा केली म्हणून नेला, असंही काहीजण म्हणत, पण बाईला कसं धरणार? कोप देवींचा. बायकांनी विहिरीच्या काठावर खणनारळ ठेवले. मी स्टाफरूममध्ये बसून हे ऐकत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. मगदूम सर हलकेच म्हणाले, "बाई, गाव आपणहून देवीवर ढकलतंय. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

आणि मला हायसं वाटलं. ह्याचा संताप मला आजही येतो. जन्मभर जिच्याविरुद्ध भाषणं दिली तीच आसरा माझी साक्षीदार झाली होती, आणि मी तिच्या पदराआड लपले होते. वर्गात गेले की अक्काताई माझ्याकडे टक लावून बघे. मी तिला एकही प्रश्न विचारत नव्हते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्याच फळ्यावर कितीदा तरी लिहून दिली होती.

असे बारा दिवस गेले. पाडवाही गेला. तेराव्यानंतर मात्र मला अन्न जाईना, तेव्हा मी एका रविवारी सकाळी वडारांच्या पालांवर गेले.

यल्लाप्पा दगडावर छिन्नीला धार लावत बसला होता. दुर्गाप्पाची बायको नागव्वा पालाच्या तोंडाशी पाट्यावर मिरची वाटत होती. तिने एकदा बघितलं आणि पुन्हा वाटू लागली. कुणी बस म्हणालं नाही. मी खालीच मातीत बसले आणि सांगायला लागले.

सगळं सांगितलं. हवा म्हणजे काय, तिच्यात जगवणारा भाग किती थोडा असतो. कुजणारा पाला तो भाग कसा खातो आणि दुसरा वायू कसा सोडतो. तो जड असतो म्हणून विहिरीच्या तळाला पाण्यासारखा साठतो. दिवा आणि माणूस दोघांना तीच हवा लागते. डहाळ्यांनी ती ढवळली जाते, वरची चांगली हवा खाली जाते. त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं. शिकवणं तेवढं मला येत होतं. यल्लाप्पाने छिन्नी बाजूला ठेवली होती.

"म्हंजी दिवा आसरा इझवत न्हाईत."

"नाही. हवा विझवते."

"पर दिवा खोटं बोलला न्हाई."

"नाही."

"आनि ह्ये तुमाला म्हाईत हुतं."

"हो."

"कवापासनं?"

"शाळेत होते तेव्हापासून. नववीत."

तो बोलला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण मला वाटलं की त्याने छिन्नी उचलून मारली असती तरी बरं झालं असतं.

"आमाला कारन म्हाईत नव्हतं, बाई. आमी आसरा म्हनायचो आनि थांबायचो. माझा बा थांबला, आजा थांबला. आमच्यातलं कुनी हिरीत मेलं न्हाई. तुमाला कारन म्हाईत हुतं, आनि तुमी उतर म्हनलासा. आसरांनी नेला असता तर मी गप बसलो असतो. देवापुढं काय चालतंय?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात पाट्यावरचा वरवंटा थांबला.

"त्यो घरी यिऊन सांगायचा," नागव्वा म्हणाली. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "बाई सांगत्यात ते खरं असतंय, पुस्तकात असतंय. आसरा-बिसरा काय न्हाई. मी भांडायची त्याच्यासंगं." तिने मिरचीचा हात पदराला पुसला. "आसरांवर इस्वास ठिवला असता तर जित्ता असता. त्यानं तुमच्यावर ठिवला."

ती पुन्हा वाटायला लागली. मी माफी मागितली नाही. त्या वाक्यानंतर मागायला जागाच नव्हती.

मी उठले तेव्हा यल्लाप्पाने थांबवलं. म्हणाला, हीर तो पुरी करणार आहे. गाव नको म्हणतं तरी करणार आहे, कारण पोरींना पाणी पाहिजे, तेवढं मी खरं बोलले होते. "पर दिवा तुमी सोडायचा. त्याच पोरींच्या म्होरं."

मी हो म्हणाले. वर म्हणाले की मी मुलींना त्यामागचं विज्ञानही समजावून सांगेन. हळदकुंकू वगैरे नसलं तरी दिवा तेच काम करतो. एवढं सगळं होऊनही माझ्यातली ती दगडावर चढणारी बाई मेली नव्हती.

"जसा आमी सोडतो तसा," यल्लाप्पा म्हणाला.

बुधवारी सकाळी नववीच्या मुली विहिरीवर आल्या. चौघीजणी कमी होत्या. अक्काताई होती, मी तिच्या बापाच्या पाया पडून आठ दिवस मागून घेतले होते. ह्या खेपेला मी दगडावर चढले नाही. जमिनीवर उभी राहून सांगितलं की त्या दिवशी मी ज्यांना अडाणी म्हणाले ते शहाणे होते. दिवा का विझतो हे मला माहीत होतं, ते वेळेला आठवलं नाही, कारण मला फक्त माझा राग दिसत होता. अक्काताईला सांगायचं होतं आणि मी तिचा हात खाली करायला लावला. दुर्गाप्पा आपल्या मर्जीने गेला असं कागदावर लिहिलंय ते खोटं आहे, मी पाठवला. मागे मगदूम सर उभे होते. त्यांनी मला दोनदा हाक मारली. मी बोलणं थांबवलं नाही.

अक्काताईने खाली बघितलं.

मग मी दुरडीत हळदकुंकू घातलं, बांगड्या ठेवल्या, खण ठेवला. वात लावली. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, विहिरीला हात जोडले, आणि दोरी सोडायला लागले. तीस फुटांवर ज्योत बारीक झाली आणि गेली. दिवा वर घेतला. डहाळ्यांचा भारा सोडला, आणि यल्लाप्पा आणि मी ऊन डोक्यावर येईतो तो खालीवर केला. माझ्या तळहातांची सालं निघाली. त्याने मला बस म्हटलं नाही आणि मी बसले नाही. पुन्हा दिवा. ह्या खेपेला तो तीस फुटांखाली गेला, पस्तीस, चाळीस. तळाशी एक पिवळा ठिपका थरथरत होता.

यल्लाप्पाने कमरेला दोरी बांधली होती. त्याच्या मागे पालांवरची माणसं दोरी धरून उभी होती, आणि त्यांच्यात नागव्वाही होती.

"उतरायला हरकत नाही," मी म्हणाले. "हवा चांगली आहे."

त्याने मान वर केली नाही.

"तुमी गप ऱ्हावा, बाई. दिवा सांगंल."

आणि तो काठावर मांडी घालून खाली बघत बसला.